दोन किलो थर

बाईंचा धाकटा भाऊ कारखान्यात टाक्या साफ करायचा. पाण्याच्या एका बंद टाकीत चुनखडीचा थर बसला होता. त्यावर आम्ल ओतून तो खरवडायला आत उतरला, तो वर आलाच नाही. आम्ल चुनखडीवर पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, हे बाईंनी शाळेत जन्मभर शिकवलं होतं.

चौकशीला त्या भावजयीला घेऊन गेल्या. कंपनीचा इंजिनिअर फळ्यापाशी उभा राहिला. तो बाईंच्याच हाताखाली शिकलेला. त्याने समीकरण लिहिलं, तोल तपासला आणि मांडत गेला. "थर दोन किलो, म्हणजे वीस मोल. चुनखडीच्या एका मोलामागे वायूचा एक मोल, मोलाला चोवीस लिटर. झाले चारशे ऐंशी. टाकी वीस हजार लिटरची. एवढ्याने फार तर डोकं दुखेल. त्यांचं हृदयच कमजोर असावं."

"त्यांना कधी साधी सर्दी होत नव्हती," भावजय पुटपुटली.

बाई उठल्या. "दोनच किलो, हे कुणी मोजलं? भाऊ सांगायचा, बोटभर जाड थर आहे, वर्षानुवर्षांचा. पन्नास किलो धर. बारा हजार लिटर होतात!"

"आता कसं मोजणार, बाई? टाकी दुसऱ्याच दिवशी धुऊन घेतली."

चौकशी अधिकारी वैतागला. "अंदाज नकोत. फळ्यावरचं गणित चुकलंय का, तेवढं सांगा."

बाईंनी पुन्हा वरपासून वाचलं. एखादी चूक सापडावी म्हणून जीव टांगणीला लागला होता. पण पायरी न् पायरी चोख होती.

"गणित बरोबर आहे. पण दिलेला आकडा—"

"लिहून घ्या," अधिकारी लेखनिकाला म्हणाला. "मृताच्या बहिणीला गणित मान्य आहे."

'पण'च्या पुढचं कुणी लिहिलं नाही.

जिन्यात भावजय थांबली. "ताई, तुम्ही त्यांना बरोबर म्हणालात?"

"अगं, रीत बरोबर होती, खोटं होतं ते—"

"मला रीत कळत नाही. बरोबर म्हणालात, ते कळलं." ती भराभरा उतरून गेली.

फाटकाशी इंजिनिअरने गाडी थांबवली. "बाई, घरी सोडू का?"

"दोन किलो तुला कुणी सांगितलं रे?"

त्याने क्षणभर स्टिअरिंगकडे पाहिलं. "दिलेलं होतं, बाई. मी फक्त सोडवलं."

निकाल कंपनीच्या बाजूने लागला. भावजयीने तो बाईंना कळवलाही नाही. त्यांना शेजाऱ्यांकडून कळला.