मागून, डावीकडून

चिरंजीवांना त्यांची बायको 'संशोधक' म्हणायची आणि त्यांना ते कौतुक वाटायचं. एका जुन्या रहस्यपटाची डागडुजी करण्यात त्यांनी तीन वर्षं घातली होती. बाजारातल्या डिस्कवर चित्र फिकट, आवाज नुसता समोरून. मग जगभरच्या त्यांच्यासारख्याच रिकामटेकड्या मंडळींनी थिएटरमधला मूळ आवाज कुठून तरी पैदा केला. सहा वाटांनी येणारा, समोरून, बाजूनं आणि मागूनही. संशोधकांनी पडद्यावरचा एकेक ओरखडा पुसला, आवाजातली एकेक खरखर काढली. घरातला नळ मात्र तेवढीच वर्षं गळत होता.

आता हा उद्योग कुणी सांगितला होता, असं विचाराल तर आईनं. वडील जन्मभर स्टुडिओत पावलं वाजवत. पडद्यावर नट चालायचा, बूट वडलांचे वाजायचे. या सिनेमात जिन्यावरून खुनी येतो, तो म्हणजे आवाजापुरते हे वडील. माणूस जाऊन बरीच वर्षं झाली. इतरांचे आवाज भरता भरता स्वतःचा कुठे टेप करून ठेवावा, हे काही त्या भल्या माणसाला सुचलं नाही. आई एवढंच म्हणाली होती, "जिन्यापाशी ते मागून येतात. डावीकडून. मला एकदा ऐकव."

सिनेमा तयार झाला, डिस्क होईना. डिस्क लिहिणारा प्रोग्रॅम फार मनमिळाऊ. सहा वाटा हातात दिल्या की न विचारता त्यांच्या दोन करायचा, वर 'यशस्वी' म्हणून हिरवी खूण दाखवायचा. संशोधक खूण बघून हुरळायचे, डिस्क लावायचे आणि मागचे स्पीकर मख्खासारखे गप्प. सेटिंगच्या एका कोपऱ्यात 'आवाज सोपा करा' या चौकटीवर कुणी तरी आधीच टिक करून ठेवली आहे, हा शोध लागेपर्यंत बायकोनं फुकट गेलेल्या डिस्क खिडकीत टांगल्या होत्या. कबुतरं हाकलण्यात एकही डिस्क नापास झाली नाही.

अखेर सहाही वाटा डिस्कवर उतरल्या. आईला बरोबर मधल्या खुर्चीत बसवलं. बायकोला वायरींवर पाय द्यायचा नाही, अशी तंबी मिळाली. जिना आला. मागून, डावीकडून, पावलं अशी काही आली की बायकोनंसुद्धा चमकून मागे पाहिलं. संशोधकांची छाती फुगली. आई मात्र कान देऊन बसूनच होती. दार उघडलं, खून पडला, पोलीस आले.

"खोकला कुठे गेला?" आईनं विचारलं.

मग तिनं सांगितलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी वडलांचा घसा बसला होता. शेवटच्या पायरीवर खोकला आवरला नाही, बारीकसा निसटला. कुणाच्या लक्षात आलं नाही, तसाच सिनेमात गेला. थिएटरमध्ये त्या जागेला त्यांनी तिला कोपरानं ढोसलं होतं.

संशोधकांचा चेहरा पडला. तो खोकला त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. एक अख्खा रविवार खर्चून त्यांनी तो पावलांमधून अलगद उपटला होता, मंडळींना आधीचं-नंतरचं ऐकवलं होतं आणि मंडळींनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. "अगं, मला वाटलं घाण आहे," ते म्हणाले.

"पावलं बुटांची असतात रे," आई म्हणाली. "खोकला त्यांचा होता."

मूळ फाइल पुसायची नाही, हा मंडळींचा एकमेव शहाणपणाचा नियम. त्यामुळे अब्रू वाचली. संशोधकांनी खोकला होता तिथे परत बसवला आणि या खेपेला आधी त्या चौकटीवरची टिक काढली. मंडळी खवळली. इतक्या मेहनतीवर पाणी का फिरवलं, असं जो तो विचारू लागला. एरवी एका खरखरीवर चार-चार पानं लिहिणाऱ्या संशोधकांनी यावर एक ओळही लिहिली नाही.

दुसऱ्यांदा आई त्याच खुर्चीत बसली. पावलं आली. शेवटच्या पायरीवर, मागून, डावीकडून, कुणी तरी दाबून खोकलं.

"पाणी देऊ?" आई म्हणाली. मान वळवली नाही, अगदी रोजचं विचारावं तसं.

स्पीकर पुढच्या कामाला लागला होता. संशोधकच उठले आणि पाणी आणायला गेले. त्यांना रडू आवरत नव्हतं. नळ गळत होता, त्याखाली पेला धरून ते बराच वेळ उभे राहिले.