जांभळ्या दोऱ्याचा चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. आमच्या हिंदी मुलखातल्या गावी, नदीवरच्या रामघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला एका निळ्या प्लास्टिकवर, माझ्यासारख्याच कितीतरी चष्म्यांच्या गर्दीत मी पडून असतो. येणारे-जाणारे मला उचलतात, डोळ्यांना लावतात, नाक मुरडतात आणि परत ठेवतात. माझ्या उजव्या काडीला जांभळा दोरा गुंडाळलेला आहे. तो कुणी गुंडाळला हे सांगितलं की माझी सगळी गोष्ट सांगून होते.

मी जन्मलो कुठल्याशा कारखान्यात. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते फ्रीगंज बाजारातलं चष्म्यांचं दुकान आणि तिथली काचेची कपाटं. तिथून मला अण्णांनी उचललं. अण्णा तेव्हा वीज मंडळात नोकरीला होते. चांगला मजबूत स्टीलचा आहे म्हणून त्यांनी मला घेतलं आणि पुढे वीसहून अधिक वर्षं मी त्यांच्या नाकावर बसून नानाखेड्याच्या त्यांच्या छोट्या घरात राहिलो. काय रुबाब होता माझा! सकाळी सगळं घर मला शोधायचं आणि मी अण्णांच्या कपाळावर असायचो.

एकदा माझ्या काडीचा स्क्रू पडला. वीज मंडळातला माणूस तो! त्यांनी तांब्याची तार घातली आणि पिळून टाकली. तार त्यांच्या कानाला टोचायला लागली. तेव्हा त्यांच्या पत्नीने, उषाआजीने, स्वतःचा ब्लाउज शिवून उरलेला जांभळा दोरा त्या तारेवर घट्ट गुंडाळला. "आता टोचत नाही ना?" असं तिने विचारलं. अण्णा म्हणाले, "टोचत नाही, पण ऑफिसातले लोक विचारतील, साडी नेसवली का चष्म्याला?"

पुढे अण्णा निवृत्त झाले. त्यांचा नंबर वाढला. दोघं नवरा-बायको परत फ्रीगंजच्या दुकानात गेली. दुकानदार पिकल्या मिशांचा, बोलायला गोड. त्याने नवी फ्रेम दाखवली, पातळ काच दाखवली, काचेवरचे दोन-तीन लेप समजावले. आकडा ऐकला आणि अण्णा स्टुलावर बसून राहिले.

"ही फ्रेम चालेल की," शेवटी ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "नुसत्या काचा बदला. साध्या."

"बाबूजी, ये फ्रेम तो बीस साल की है!"

"तो? मैं सत्तर का हूँ, मुझे भी बदलोगे क्या?"

दुकानदार हसला. साध्या काचांचंही बिल काही लहान नव्हतं. वर लांबचं, खाली जवळचं, असा तो नंबर. दुकानदार म्हणाला, "माताजी का भी देख लेते हैं, टेस्टिंग फ्री है."

मित्रांनो, आजीला जवळचं दिसत नव्हतं. सुई ओवायला ती शेजारच्या मुलींना हाक मारायची. पण अण्णांच्या हातातलं बिल तिने पाहिलं होतं. मुलगा पराग बस स्टँडजवळ एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात कामाला. त्याचा पगार कसा दमत-भागत महिनाअखेर गाठतो, तेही तिला ठाऊक होतं. आणि अण्णांनी वाचायचं कार्ड मोठ्याने वाचलेलं तिने नुकतंच ऐकलं होतं.

तिने कार्ड हातात घेतलं आणि एका दमात म्हणून टाकलं, "सूरज पूरब से निकलता है. चिड़िया पेड़ पर बैठी है. माली पौधों को पानी देता है."

"वा!" अण्णा म्हणाले.

कार्ड तिने उलटं धरलं होतं.

अण्णांना ते कळलं नाही, कारण मी तेव्हा त्यांच्या नाकावर नव्हतो, काउंटरवर होतो. मी पाहिलं. दुकानदारानेही पाहिलं. त्याने हळूच ते कार्ड तिच्या हातात सुलटं केलं आणि विचारलं, "माताजी, एक बार और?"

"बस, भैया," आजी म्हणाली. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते कार्ड खणात ठेवून दिलं.

त्या दिवसापासून अण्णा कॉलनीतल्या बाकावर बसून सगळ्यांना सांगायचे, "आमच्या उषाला बघा. पासष्टाव्या वर्षी चष्मा नाही! जुन्या काळातलं तूप खाल्लंय तिने." आजी मान खाली घालून शेंगा सोलत राहायची.

पण दुपारी अण्णा झोपले की ती पावलं न वाजवता यायची. त्यांच्या छातीवरच्या वर्तमानपत्रावरून मला उचलायची आणि स्वतःच्या डोळ्यांना लावायची. माझा नंबर तिचा नव्हता, पण जवळपासचा होता. मग ती तांदूळ निवडायची, बटणं लावायची, गोळ्यांची पाकिटं वाचून ठेवायची. आणि सगळ्यात शेवटी, शाळेतून येऊन झोपलेल्या नातीजवळ, मृण्मयीजवळ, वाकायची. तिच्या भुवईतला तीळ, ओठावरचं दुधाचं पांढरं, सगळं सावकाश बघायची. अण्णा कूस बदलायच्या आत मी परत छातीवर. तेव्हा मला वाटायचं, आपण एक नाही, दोन माणसं सांभाळतो.

अशाच एका दुपारी ती मला परत ठेवायला गेली. अण्णांची छाती हलत नव्हती.

पुढचे दिवस मी फडताळात होतो. तेराव्याच्या दिवशी शय्यादानाची तयारी चालली होती. गेलेल्या माणसाला तिकडे काही कमी पडू नये म्हणून त्याच्या वापरातल्या वस्तू गुरुजींना दान देतात. गादी आली, छत्री आली, काठी आली, चपला आल्या. पराग एकेक वस्तू मांडत होता. तेवढ्यात पाच-सहा वर्षांची मृण्मयी मला दोन्ही हातांत धरून घेऊन आली.

"बाबा, हा राहिला. आजोबांना तिकडे दिसणार कसं?"

परागने तोंड फिरवलं. तिची आई श्रुती पदराने डोळे पुसायला लागली. आजीच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळ्यांना वाटलं, ते अण्णांसाठीच आहे. तिचा हात थोडासा पुढे आला होता. मी पाहिलं. मग तो हात मृण्मयीच्या डोक्यावर गेला.

"शहाणी गं माझी," आजी म्हणाली. "ठेव."

मला गादीवर ठेवलं.

गुरुजींना मी दोष देत नाही. त्यांच्या घरात काठ्यांचा ढीग, छत्र्यांचा ढीग. माणूस किती जणांच्या चपला सांभाळणार? अधूनमधून त्यांच्या घरचे लोक हे सगळं विकून टाकतात. चष्मे घेते ती दुर्गाबाई. ती ते पुसते आणि घाटाच्या रस्त्यावर नव्या प्लास्टिकच्या चष्म्यांशेजारी मांडते. ज्यांना फ्रीगंजची पायरी चढवत नाही, ते इथे उकिडवे बसून आपली नजर शोधतात. कुणाला सापडते, पुष्कळांना नाही.

काही महिन्यांनी अण्णांच्या मासिक श्राद्धाला घरचे सगळे घाटावर आले. पराग गुरुजींबरोबर खाली गेला. श्रुती आजीला आणि मृण्मयीला घेऊन दुर्गाबाईच्या निळ्या प्लास्टिकपाशी थांबली. मी आजीला ओळखलं, पण ती किती बदलली होती! डाव्या पंजाला फडकं बांधलेलं, ब्लाउजचं बटण भलत्याच काजात.

"काय सांगू," श्रुती दुर्गाबाईशी बोलत होती, "अण्णा गेले तबसे आई का ध्यानच नहीं रहता. परवा तव्यावरच हात टेकवला." मग ती आजीला म्हणाली, "आई, वयानुसार लागतो चष्मा. इथला स्वस्तातला एखादा बघता का?"

"अम्मा, पहन के देखो, देखने का पैसा नहीं," दुर्गाबाई म्हणाली.

आजी खाली बसली. चाचपत चाचपत तिची बोटं एकेका चष्म्यावरून फिरली. माझ्यावर आली. जांभळ्या दोऱ्यावर आली आणि थांबली. मित्रांनो, तिने मला डोळ्यांनी नाही, बोटांनी ओळखलं. तिचा अंगठा त्या दोऱ्यावरून एकदा पुढे गेला, एकदा मागे आला. मग तिने मला डोळ्यांना लावलं आणि मृण्मयीकडे पाहिलं.

"अगं, तुझा दात पडला?"

"आजी! कधीच पडला. तुला दाखवला होता की. आता तर नवा येतोय."

आजी बघत राहिली. तो दात, तो तीळ, उन्हाने लाल झालेले गाल. इतक्या महिन्यांचं ती एकदम बघून घेत होती.

"आजी, हाच घे," मृण्मयी टाळ्या वाजवत म्हणाली. "आजोबांसारखा आहे! पण त्यांच्या चष्म्याला आपला दोरा होता ना? आजोबा आता तिकडे रोज पेपर वाचत असतील ना गं?"

आजीचा अंगठा काडीवर होता. त्याखाली तो दोरा पूर्ण झाकलेला होता. तो तिने हलू दिला नाही.

"हो," ती म्हणाली. "वाचत असतील. त्यांना तिकडे सगळं दिसत असेल."

मग तिने मला काढलं. काड्या मिटल्या, दोऱ्याची बाजू खाली केली आणि मला इतर चष्म्यांच्या तळाशी सरकवलं.

"हा नको गं. यातून काही दिसत नाही."

तिने शेजारचा लाल प्लास्टिकचा उचलला, न बघताच म्हणाली, "हा बरा आहे." श्रुतीने पैसे दिले. ती तिघं घाटाकडे उतरली. पहिल्याच पायरीला आजीचा पाय चुकला आणि मृण्मयीने तिचा हात धरला. एवढंच मला दिसलं. मग वरचे चष्मे माझ्यावर घसरले.

मित्रांनो, मी तुम्हाला काय सांगणार? चष्मा महाग असतो, हे खरं आहे. पण जुन्या फ्रेमला नव्या काचा बसतात. साधी काच मागितली तर साधी मिळते. सरकारी दवाखान्यात, शिबिरात डोळे फुकट तपासतात. वाटा आहेत. फक्त दिसत नाही हे आधी कुणीतरी बोलायला हवं, आणि घरातली माणसं तेच बोलत नाहीत. त्यांनी बिल पाहिलेलं असतं.

म्हणून आज घरी गेलात की आजीच्या, आईच्या हातात एखादा कागद द्या आणि म्हणा, वाचून दाखव. तिने घडाघडा वाचला तरी टाळ्या वाजवायची घाई करू नका. आधी कागद सुलटा धरलाय ना, तेवढं बघा.