चेंडू आणायला ठेवलेली होडी

मी एक जुनी होडी आहे, आणि मला एका चेंडूचा हेवा वाटतो. लपवून काय करू? पोटात नुसती हवा भरलेला, ना हात ना पाय, आणि सारे गाव त्याच्या मागे धावते. मित्रांनो, एके काळी हे गाव असेच माझ्याकडे धावत येई. तेव्हा आधी माझे ऐका आणि मग मला खुशाल मत्सरी म्हणा.

आमच्या फॅरो बेटांवर होडी होण्याजोगे झाड उगवत नाही. माझे लाकूड समुद्रापलीकडून आले. क्वानवीक गावच्या सोफुसने आणि त्याच्या वडिलांनी एक अख्खा हिवाळा खपून, फळीवर फळी चढवून मला घडवले. वल्हवायला सहा जण आणि सुकाणूवर एक, एवढी माझी ऐसपैस जागा. इथल्या एका मोठ्या पांढऱ्या समुद्रपक्ष्यावरून त्यांनी माझे नाव सूला ठेवले.

संत ओलाफाच्या सणाला राजधानीच्या बंदरात गावोगावच्या होड्यांची शर्यत लागते. सोफुस सुकाणूवर असताना मी तिथे पहिली आले. काठावरची माणसे घसा बसेपर्यंत ओरडत होती. गावी परतले तर बायाबापड्या माझ्या नाकाडावरून हात फिरवायला जमल्या. गावातल्या एकुलत्या एका दुकानाची मालकीण एल्स्पा हिने माझा फोटो कॉफीच्या डब्यांच्या वर टांगला. गिऱ्हाईक आधी मला बघे आणि मग कॉफी मागे. ते दिवस आठवले की अजून माझ्या फळ्या ताठ होतात.

मग फुटबॉल आला.

गावात सपाट जागा एकच, माझ्या होडीघराला लागून. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र. पूर्वी तिथे गवत वाळत घालीत आणि मेंढ्या हाकलीत. तिथे पोरांनी गोलखांब रोवले आणि एका गोलची पाठ नेमकी समुद्राकडे केली. वारा असा की फ्री किक मारताना एकाने पालथे पडून चेंडू बोटाने धरून ठेवायचा. असल्या जागी हा खेळ चार दिवसही टिकणार नाही, अशी माझी खात्री होती.

देशाच्या टीमचीही तीच गत होती. जगाच्या क्रमवारीत ती पार तळाला. सुतार, मास्तर, मासळीच्या कारखान्यातले कामगार सुट्टी काढून परदेशी खेळायला जात आणि अंगावर गोल घेऊन परत येत. सोफुस होडीघराच्या दारात वाळवलेल्या मटणाचे तुकडे चघळत बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, "काय रे, आपल्या खाली अजून कुणी शिल्लक आहे का, का थेट समुद्राचा तळच लागला?" लोक हसत. मीही मनातल्या मनात हसे. खरे सांगते, आपला देश हरला की मला बरे वाटे.

पण चेंडू काही खेळायचा थांबेना. समुद्राकडच्या गोलमध्ये उभ्या गोलीच्या हातून सुटला की तो टणाटण उड्या मारत खडकांवरून पाण्यात जाई आणि लाटांवर बसून ऐटीत निघे. मग पोरे सोफुसकडे येत. सोफुस होडी देई, पण त्याची एक अट होती. "ज्यानं सोडला, त्यानं वल्हवायचं. मी नुसता सुकाणूवर बसणार." त्याला वाटे, असे करता करता पोरांना वल्ह्याची गोडी लागेल आणि शर्यतीला नव्या दमाचे गडी मिळतील. शर्यतीची विजेती मी, आणि मला चेंडू आणायला पाठवीत! लाजेने माझी डांबर लावलेली पाठ जळत असे.

या शिक्षेला सर्वात जास्त वेळा आला तो एल्स्पाचा मुलगा हाइनी. गोलमध्ये उभा राहायची हौस दांडगी, पण चेंडू अडत नसे. सहा जणांची होडी तो एकटा ओढी. समोरून वारा, तळहातांना फोड, मागून सोफुसचे टोमणे. मीही मुद्दाम जड होऊन बसे. पुढे पुढे हाइनी फारच कमी येऊ लागला. मला वाटले, बरे झाले, पोरगा कंटाळून खेळ सोडून गेला.

कसला सोडतो! तो अडवायला शिकला होता. आधी गावाने, मग राजधानीतल्या क्लबने आणि शेवटी देशाच्या टीमने त्याला गोलमध्ये उभे केले. आणि टीम वर चढू लागली. एक बरोबरी झाली, मग एक विजय, मग आणखी एक. दुकानातल्या रेडिओवर क्रमवारी जाहीर झाली की लोक एकमेकांच्या पाठी थोपटत. टीम एकेक पायरी चढे आणि इकडे माझ्यावरचा एकेक गडी कमी होई. शर्यतीच्या सरावाला कुणी येईना. एक वर्ष सोफुस सणाला मला घेऊन गेलाच नाही. सणाचा कोट घालून तो होडीघरात माझ्या शेजारी बसून राहिला. दुकानातला माझा फोटो काढून एल्स्पाने तिथे हाइनीचा लावला. आई आहे ती, तिला काय बोलणार? पण कॉफीच्या डब्यांवरची ती जागा माझी होती.

पुढे गावच्या क्लबला पैसे आले आणि क्लबची अध्यक्ष एल्स्पाच. तिने समुद्राकडच्या गोलमागे उंच जाळी बांधून घेतली. आता एकही चेंडू पाण्यात जाईना. ज्या कामाची मला लाज वाटे, तेही गेले. मित्रांनो, लाकडी होडी पाण्याबाहेर राहिली की तिच्या फळ्या सुकतात आणि त्यांत फटी पडतात. मी अंधारात उभी राहून सुकू लागले. पलीकडून चेंडूचा धपधप आवाज येई, आणि मी जळत राही.

एके दिवशी एल्स्पा होडीघरात आली. "सोफुस, वाईट वाटून घेऊ नकोस. मॅचला आता पार लांबून लोक येतात. ही होडी मधोमध कापून उभी केली, तर कॉफी-केक विकायला झकास टपरी होईल. निदान लोकांच्या डोळ्यांसमोर तरी राहील."

सोफुसने माझ्या सुकलेल्या फळीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "कापा. नाहीतरी वल्हवणार कोण?"

करवत आणून भिंतीला टेकवली गेली. दुसऱ्या दिवशी मला कापायचे होते आणि त्या संध्याकाळी देशाची मॅच होती, एका फार मोठ्या देशाशी. सोफुसची नात बार्बा रेडिओ घेऊन आजोबांच्या सोबतीला येऊन बसली. बार्बा गावच्या पोरांच्या टीमची गोली. माझ्या फळीला पाठ टेकून तिने अख्खी मॅच ऐकली. शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी मिळाली. हाइनीने ती अडवली आणि आम्ही जिंकलो. बार्बा नाचली. सोफुसही उठून उभा राहिला आणि मग कुणी पाहिले तर नाही ना म्हणून खाली बसला.

नंतर रेडिओवाल्याने हाइनीला विचारले, "एवढ्या दडपणात अडवतोस कसा?"

हाइनी म्हणाला, "आमच्या गावात गोलच्या मागे समुद्र आहे. चेंडू सुटला की सोफुस नावाचा म्हातारा आपल्या त्या धूड होडीत बसवायचा. हाताची सालटी निघायची. परत त्या सूलात बसायचं नाही, एवढ्याच हट्टानं मी अडवायला शिकलो. आज पेनल्टीला पण मला तीच दिसत होती."

साऱ्या देशाने माझे नाव ऐकले, आणि ते असे! धूड! म्हणजे मला टाळण्यासाठी तो इतका मोठा झाला? माझ्या अंगाची लाही झाली. सोफुस मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "घ्या! मी बसलो होतो वल्हवणारे घडवायला, आणि घडवला काय, तर गोली!"

बार्बा हसली नाही. ती तडक उठली आणि एल्स्पाला हाताला धरून घेऊन आली.

"एल्स्पाकाकू, ती जाळी काढा."

"काय डोकंबिकं फिरलंय का? चेंडू काय झाडाला लागतात?"

"हाइनीच्या मागे होती का जाळी?"

एल्स्पा दारापर्यंत जाऊन जाळी पाहून आली. मग म्हणाली, "आणि पाण्यात गेलेला चेंडू आणायचा कुणी?"

"ज्यानं सोडला त्यानं. सूलातून."

"अगं, सूला उद्या कापायचीय!"

"कापा. मग पुढचा हाइनी टपरीवर कॉफीबरोबर विकत घ्या."

एल्स्पाने करवतीकडे पाहिले, मग सोफुसकडे. "माझ्या पोराच्या हाताला फोड आणलेस, म्हणून मी वर्षभर तुझ्याशी बोलले नव्हते," ती म्हणाली.

"हो ना. फार शांततेत गेलं ते वर्ष," सोफुस म्हणाला.

तिने करवत काखोटीला मारली आणि ती घरी गेली. सकाळी तिने स्वतःच जाळी सोडवली.

सोफुसने माझ्या फटी बुजवल्या आणि मला नव्याने डांबर लावले. पुन्हा चेंडू पाण्यात येऊ लागले आणि पुन्हा मी निघू लागले. उन्हाळ्यात हाइनी गावी आला आणि पोरांच्या हट्टाखातर समुद्राकडच्या गोलमध्ये उभा राहिला. वाऱ्याने एक चेंडू वळवला आणि तो त्याच्या बोटांना चाटून समुद्रात गेला. सारी पोरे ओरडली, "अट म्हणजे अट!" देशाचा गोली निमूटपणे माझ्यात येऊन बसला.

"अजून डावीकडेच ओढते की ही," तो धापा टाकत म्हणाला.

"होडी सरळ आहे. तुझाच डावा हात अजून कच्चा आहे," सोफुस म्हणाला.

त्या दिवशी मी अजिबात जड झाले नाही.

पण आता एक नवीच काळजी आहे. बार्बा फार चांगली अडवते. आठवडेच्या आठवडे तिच्या हातून एकही चेंडू सुटत नाही, आणि माझ्या फळ्या पुन्हा सुकू लागतात. मित्रांनो, तुम्हीही खूप खेळा, खूप अडवा, क्रमवारीत कितीही वर जा. पण कधी बार्बा भेटली, तर माझा एवढा निरोप तिला सांगा. म्हणावे, वारा समुद्राकडे वाहत असेल तेव्हा अधूनमधून एखादा सोडत जा. मी आणीन त्याला. वाटभर त्याचा हेवा करीन, पण आणीन.