मनुबाईच्या नावाच्या गोळ्या

अलिबागच्या त्या दवाखान्यात किशोरीला मनुबाई म्हणत. सव्वीस वर्षं म्हणत आले. कंपाउंडर दार अर्धं उघडून "मनुबाई" अशी हाक घाली आणि किशोरी बाकावरून उठून आत जाई. सुरुवातीला तिच्या लक्षातच येत नसे. शेजारची बाई कोपराने ढोसून म्हणे, "अहो, तुम्हालाच बोलवतात ना?" पुढे सवय झाली. मनुबाई ही तिची सासू. ती वारून नऊ वर्षं झाली होती, तरी दर दोन महिन्यांनी तिच्या नावाने फिटच्या गोळ्यांची चिठ्ठी निघे आणि गोळ्या सून खाई.

ही शक्कल दत्तात्रेयाची, तिच्या नवऱ्याची. प्रणाली दोन वर्षांची असताना किशोरीला पहिली फिट आली, भर खळ्यावर, भात झोडताना. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. दत्तात्रेय तिला दवाखान्यात घेऊन गेला. केसपेपरवर नाव सांगायची वेळ आली तेव्हा तो जरासा थांबला आणि आईचं नाव सांगून मोकळा झाला.

"औषधाच्या दुकानात आपल्याच गावची पोरं कामाला," परतताना एसटीत तो खालच्या आवाजात म्हणाला. "उद्या पोरीचं लग्न करायचंय. आईचं काय, म्हातारीला काहीही होऊ शकतं."

पोर तेव्हा नुकती पाळण्यातून उतरली होती.

गोळ्यांनी गुण आला. सुरुवातीची काही वर्षं मधूनच कधी फिट यायची, पण गेली अकरा वर्षं एकही आली नव्हती. पहाटे आंघोळ, देवीपुढे दिवा, पोथीचं एक पान, मग गोळी आणि मग चहा, हा किशोरीचा क्रम ताप असो की पाहुणे असोत, मोडला नाही. गोळी ती आधी देवीपुढे ठेवी. जगापासून लपवलेली वस्तू निदान एका ठिकाणी तरी उघड्यावर असावी, असं तिला वाटे.

लग्नाला पाच वर्षं झाल्यावर प्रणालीला दिवस गेले. ती नवऱ्याबरोबर, रितेशबरोबर दुबईला असे. नातवंड मांडीवर घेईपर्यंत किशोरीने गोड सोडलं होतं, त्यालाही आता चौथं वर्ष लागलं होतं. बाळंतपणाला आईने यायचं ठरलं. आयुष्यात एसटी आणि मांडव्याची बोट सोडली तर दुसऱ्या कशात न बसलेल्या किशोरीचा पासपोर्ट निघाला. फोटोत ती घाबरलेली दिसत होती, पण खाली नाव तिचं स्वतःचं होतं.

तिकिटाचं काम हेतलकडे होतं. अलिबागला बाजारात तिचं छोटं ऑफिस आहे. दत्तात्रेय पासपोर्टची झेरॉक्स काढायला खाली उतरला तेव्हा हेतलने सगळ्याच वयस्कर माणसांना विचारते तसं विचारलं, "काकी, रोजची काय औषधं चालू?"

"काका म्हणतील, काही नाही."

"काका जाऊ दे. तुम्ही बोला ने."

किशोरीने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. हेतलने ते उलटंपालटं केलं आणि फोनवर काहीतरी बघत बसली. तिचा चेहरा जरा ओढला गेला.

"काकी, बरं झालं बोललात. ही तिकडे अशीच नाही चालत. आधी त्यांच्या आरोग्य खात्याची परवानगी पाहिजे, ऑनलाइन. डॉक्टरची चिठ्ठी, डॉक्टरचं पत्र, कशासाठी घेता ते लिहिलेलं. गोळ्या अशाच पाकिटात, सुट्ट्या करून डबीत नाही टाकायच्या. आणि मोठ्या बॅगेत नाही, हातातल्या पर्समध्ये. बॅग कुठे गेली तर गोळी पण जाते. आणि चिठ्ठीवरचं नाव पासपोर्टवालंच पाहिजे. चिठ्ठी तुमच्याच नावाची ना?"

"सासूबाईंच्या."

"मग सासूबाई पण येतात बरोबर?"

"त्या गेल्या."

"कुठे?"

"वारल्या. नऊ वर्षं झाली."

हेतल हसली नाही. तिने पाकीट हळूच किशोरीकडे सरकवलं.

घरी आल्यावर दत्तात्रेयाने ऐकून घेतलं आणि त्याला वाट सापडायला वेळ लागला नाही. "शतावरीच्या डबीत टाकू. वर कल्प, खाली गोळ्या. बाईमाणसाची डबी कोण उपसतंय?"

"आणि उपसली तर?"

"तर काय, म्हणायचं आम्ही खेड्यातली माणसं, आम्हाला काय कळतं."

"पोरीच्या बाळंतपणाला जायचंय हो मला," किशोरी म्हणाली, "तिच्या नवऱ्याला पोलीस ठाण्यात उभं करायला नाही."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दवाखान्यात गेली. मनुबाई म्हणून हाक आली, ती आत गेली आणि खुर्चीत बसायच्या आधी म्हणाली, "डॉक्टर, मी मनुबाई नाही."

जुने डॉक्टर आता बसत नसत, त्यांचा मुलगा बसे. त्याने चष्मा काढला. "मग मनुबाई कोण?"

तिने सगळं सांगितलं. सांगताना तिला वाटलं होतं रडू येईल. ते आलं नाही. उलट अंगातून ताप उतरावा तसं वाटलं. डॉक्टर रागावला, पण रागावून उठला नाही. "आधार कार्ड आणा. तुमच्या नावाचा नवा कागद काढू, एक तपासणी करून घेऊ. मग मी पत्र देतो. आठ दिवसांत होईल. आणि पुढच्या वेळी कुणी हाक मारली तर आधी स्वतःचं नाव ऐकून मगच उठा."

एसटीतून उतरून घरापर्यंत ती जवळजवळ पळतच आली. दत्तात्रेय ओटीवर नारळ सोलत होता. तिचं बोलणं संपेपर्यंत त्याने दोन नारळ सोलले.

"आणि हा परवानगीचा अर्ज कोण भरणार?"

"रितेश भरेल. हेतल म्हणाली, त्याला तिथून सोपं पडेल."

"म्हणजे त्याला कळणार. त्याच्या आईला कळणार. तिच्या उरणभर होणार." त्याने कोयता खाली ठेवला. "सव्वीस वर्षं मी ही गोष्ट पोटात ठेवली. आता पोरीचा संसार उभा राहिला, तर तू जाऊन कागदावर लिहून देणार?"

"पोटात मी ठेवली," किशोरी म्हणाली. "रोज सकाळी."

त्याने ते ऐकलं नसावं. तो फोन लावत होता. प्रणालीशी आधी तोच बोलला, दारापर्यंत फेऱ्या घालत, मग फोन तिच्या हातात दिला.

"आई, बाबांनी सांगितलं." प्रणाली जपून बोलत होती. "तो अर्ज वगैरे नको. रितेशला यातलं काहीच माहीत नाही. सासूबाईंना कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तू नको येऊस. त्याच येतील."

जे कधीच करू नये असं डॉक्टर बजावत आले होते, तेच किशोरी बोलली. "मी गोळ्यांशिवाय येऊ का? अकरा वर्षं काही झालं नाही."

"नको गं," प्रणाली घाईने म्हणाली. "तसं तर मुळीच नको."

गावात दत्तात्रेयाने सांगितलं की व्हिसा अडला. लोकांनी दुबईच्या कारभाराला नावं ठेवली आणि विषय संपला. किशोरीने डिंकाचे लाडू वळले, मऊ धोतराच्या दुपट्यांना काठ शिवले, बाळंतशेप भाजून डबीत भरली. हे सगळं आता दुसऱ्या बाईच्या सामानातून जायचं होतं.

ती बाई, नीराबाई, रितेशची आई, उरणहून गुरुवारी सकाळी हे न्यायला आली. मोकळ्या तोंडाची, थोराड अंगाची. आल्याआल्या तिने चहा बिनसाखरेचा मागितला आणि पिशवीतून प्लॅस्टिकची बरणी काढून त्यातल्या दोन गोळ्या तोंडात टाकल्या. बरणीत पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी अशा सगळ्या गोळ्या एकत्र खळखळत होत्या.

"हे असंच नेणार?" किशोरीने विचारलं.

"मंग? साखरेची न् प्रेशरची. मला रंगावरनं कळतात."

"तुम्हाला कळतात, विहीणबाई. विमानतळावरच्या माणसाला नाही कळणार. दुकानातून नवी पाकिटं घ्या, गोळ्या काढू नका त्यातून. डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. आणि हे सगळं पर्समध्ये, बॅगेत नाही. जेवढे दिवस राहणार त्याहून आठवडाभराच्या जास्त घ्या. चिठ्ठी कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्याच," नीराबाई हसली. "गोळ्या मी खाते न् चिठ्ठी काय शेजारणीच्या नावावर असंल?"

दत्तात्रेय खोकला. किशोरी लाडवांचा डबा बांधत होती, ती सुतळीची गाठ मारेपर्यंत थांबली.

"तुम्ही न गेलेल्या बाई," नीराबाई म्हणाली, "तुम्हाला एवढं कसं ठावं?"

"मला फिट येते," किशोरी म्हणाली. "रोज गोळी लागते. तिला कागद लागतो आणि तो माझ्या नावाचा नव्हता. म्हणून मी जात नाही. व्हिसाचं काही नाही."

दत्तात्रेय जागचा उठला, पण कुठे जावं हे न कळून परत बसला. नीराबाईने कपबशी खाली ठेवली.

"फिटचं मला म्हाईत हाय की."

"काय म्हणता?"

"सुपारी फुटायच्या आधीच. प्रणालीनंच रितेशला सांगितलं व्हतं, त्यानं मला. मी म्हटलं, गोळी घेत्यात ना, मंग झालं. आमचा चुलतदीर असाच, समद्या उरणात ट्रक सोडून काय बी चालवी." ती दत्तात्रेयाकडे वळली. "तुम्ही सांगितलं न्हाय म्हणून आम्ही बी इचारलं न्हाय. माणसाला जे झाकायचंय ते झाकू द्यावं."

"मीच पोरीला म्हटलं व्हतं," नीराबाई पुढे म्हणाली, आता जरा चाचपडत, "बाळंतपणाला आईच बरी. माझं तिकडं काय काम? तर ती म्हणाली, आईला इमानाचं भ्या वाटतं, ती न्हाय येत."

"हो," किशोरी म्हणाली. "वाटतं थोडं."

तिने नीराबाईचं सामान नीट लावून दिलं. लाडू तळाशी, दुपटी मध्ये, शेपेची डबी वर. पर्सच्या आतल्या कप्प्यात चिठ्ठी कशी घडी करून ठेवायची तेही दाखवलं. रिक्षा वळणाआड जाईपर्यंत ती फाटकात उभी होती.

दत्तात्रेय अजून ओटीवरच होता. "म्हणजे त्यांना माहीत होतं," तो म्हणाला. "एवढी वर्षं आपण उगाच..." ते वाक्य तो चार वेळा म्हणाला आणि एकदाही पुरं केलं नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला प्रणालीचा फोन आला. "आई, सासूबाई येऊन गेल्या ना? लाडू दिलेस?"

"दिले. त्यांच्या गोळ्यांचंही समजावलं." किशोरीचा आवाज नेहमीसारखाच होता, देवळात बोलावं तसा. "प्रणू, एक विचारते. बाळ माझ्या हातात द्यायची तुला भीती वाटते का?"

पलीकडून कुठल्यातरी गाडीचा भोंगा ऐकू आला.

"आई, तसं नाही गं."

"तसं असलं तरी चालेल. पण तसं सांग. रितेशच्या नावावर नको घालूस, विमानाच्या नावावर नको घालूस. माझं दुखणं आजवर दुसऱ्याच्याच नावावर राहिलंय."

किशोरीने फोन कानाला तसाच धरून ठेवला होता.

"वाटते," प्रणाली म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "मी सहा वर्षांची होते तेव्हा तू विहिरीवर फिट येऊन पडलीस. कळशी आत गेली. तू अगदी कडेला होतीस, आणि मी तुझा पदर धरून बसले होते कुणी येईपर्यंत. मला अजून तेच दिसतं. तुझी चूक नाही, आई. पण मला तेच दिसतं."

"बरं," किशोरी म्हणाली. "जप. फार वेळ उभी राहू नकोस."

तिने फोन ठेवला. दत्तात्रेय दारात येऊन उभा होता.

"काय म्हणाली?"

"खरं बोलली," किशोरी म्हणाली आणि त्याच्या बाजूने वाट काढून आत गेली.