एक अक्षर चुकलं

मॉनिटरवर पदर टाकून बिलकिसबाईंनी दुसऱ्या हाताने भिंतीतला प्लग ओढून काढला.

"लाइट गेली," त्या मुलांना म्हणाल्या.

डोक्यावरचा पंखा फिरत होता. चौथीच्या वर्गातली मुलं वर पंख्याकडे बघू लागली.

खडकीतल्या त्या शाळेला नुकतेच कॉम्प्युटर मिळाले होते. प्रशिक्षणात शिक्षकांना मुलांसाठी उपयोगी वेबसाइटचे पत्ते दिले होते. त्यातल्या एकीवर सूर्याभोवती फिरणारे ग्रह दिसत. फळ्यावर खडूने वर्तुळं काढण्यात बाईंची नोकरी सरत आली होती. हे त्यांना मुलांना दाखवायचंच होतं. पहिल्या बाकावरची मैत्री गायकवाड कागदावरून एकेक इंग्रजी अक्षर वाचत होती आणि बाई एका बोटाने टाइप करत होत्या. कुठेतरी एक अक्षर चुकलं. पडद्यावर वरून खाली हळूहळू एक चित्र उतरू लागलं. आधी कपाळ, मग चेहरा. कुणी शास्त्रज्ञ असेल, असं बाईंना वाटलं. मग उघडे खांदे आले, आणखी खाली सरकलं, तेव्हा त्यांना कळलं.

त्यांनी लगेच जाऊन मुख्याध्यापिका आनंदीबाईंना सगळं सांगितलं. आनंदीबाई पेपरवेट फिरवत म्हणाल्या,

"अक्षरं ती मुलगी वाचत होती ना? मग तिनंच चुकीचं वाचलं, असं सांगा. लहान आहे, तिला कोण काय म्हणणार?"

बिलकिसबाई तशाच वर्गात परतल्या. शाळा सुटताना मैत्री जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, माझ्यामुळे झालं ना?" उद्या बोलू, एवढंच बाईंना सुचलं.

घरी त्यांच्या मुलाने, करीमनेही गप्प राहायलाच सांगितलं. दुसऱ्या कुणाला लोक माफ करतील, शेखबाईंना करणार नाहीत, असं तो म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. बाहेर स्कूटर थांबली तरी बाई उठून खिडकीतून बघत. कुणी पालक आले असतील, चार माणसं घेऊन आले असतील. पण डोळ्यांसमोर राहून राहून येत होता तो मैत्रीचा चेहरा. शेवटी त्यांनी चपला घातल्या.

मैत्रीचे वडील दारूगोळा कारखान्यात कामाला होते. क्वार्टरच्या दारात बाईंना पाहून त्यांनी खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी काय घडलं ते सांगितलं आणि म्हणाल्या, "टाइप मी करत होते. तिनं बरोबर वाचलं की नाही, हे बघणं माझं काम होतं. चूक माझी आहे."



"दुपारपासून जेवली नाही ती," गायकवाड म्हणाले. "का, ते सांगेना." मग म्हणाले, "बाई, तक्रार मी करणार. मुलांना काय दाखवताय, हे कुणीतरी बघायला हवं. पण तिचं नाव त्यात येऊ देणार नाही."

"नका येऊ देऊ," बाई म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्या.

गायकवाडांनी आत वळून मैत्रीला पाणी आणायला सांगितलं. ती पडद्याआडून सगळं ऐकत होती. तांब्या-भांडं घेऊन ती आली आणि तिने भांडं भरून पुढे केलं. बाईंनी ते घेतलं, पण हात इतका कापत होता की पाणी साडीवर सांडू लागलं. मैत्रीने खालून भांड्याला हात लावला आणि बाईंचं पाणी पिऊन होईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.