बंबवाल्यांचा स्वयंपाक

शहरात कुठेही आग लागू दे, आमचे सहाजण सात मिनिटांत तिथे हजर असतात. पण माझ्यासाठी एक शेकोटी पेटवा म्हटलं, तर मेल्यांना चार तास लागले. हसू नका. मी तिथे होते, उपाशी होते, आणि माझ्या पोटातले कावळे नुसते ओरडत नव्हते, सभा भरवून बसले होते.

फायर स्टेशनच्या स्वयंपाकघरात मी बावीस वर्षं काढली. तिथल्या जेवणाची एक तऱ्हा आहे. ताटं वाढली की भोंगा वाजतो. वाजलाच पाहिजे असा काही नियम नाही, पण वाजतो. सहाजण तोंडचा घास टाकून पळतात आणि मी सहा ताटं झाकून ठेवते. परत आले की पुन्हा सगळं गरम करायचं, वाढायचं, आणि मग उरलंसुरलं आपण ओट्याशी उभ्या उभ्या गिळायचं. तेही गार. घरी तरी काय वेगळं होतं? नवरा होता तोवर त्याला वाढलं, मग मुलीला वाढलं. दुसऱ्याच्या हातचं गरम जेवण मी बसून शेवटचं कधी खाल्लं, ते मला खरंच आठवत नाही.

नोकरीचा शेवटचा आठवडा आला तेव्हा साहेबांनी विचारलं, "मावशी, निरोपाला काय देऊ? घड्याळ? छत्री?"

मी म्हटलं, "जेवण द्या. तुम्ही सहाजणांनी करायचं आणि मी खुर्चीवर बसून खायचं. मी बोट हलवणार नाही."

स्टेशनात केलं तर भोंगा वाजणार, म्हणून सुट्टीच्या दिवशी नदीकाठी जायचं ठरलं. तो एकच दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी कायमची मुलीकडे निघणार होते. तिला नुकतीच जुळी झालीत. फोनवर म्हणाली, "आई, तू आलीस की स्वयंपाकाच्या कटकटीतून मी सुटले." ती सुटली, मी मात्र आगीतून फुफाट्यात! पण पोटची पोर आहे, नाही कसं म्हणणार?

साहेबांनी कुठून तरी एक कागद छापून आणला होता, 'शेकोटीवरचे सोपे पदार्थ'. राखेत भाजलेले बटाटे, पाल्यासकट कणसं, संत्र्याच्या सालीच्या वाटीत शिजवलेलं अंडं, आणि केळ्याला चीर देऊन आत चॉकलेट. खाली लिहिलं होतं की लहान मुलंही हे करू शकतात. लहान मुलं करू शकतात हो. प्रश्न बंबवाल्यांचा आहे.

आधी काडेपेटीपासून बोंब. सहाजणांत मिळून एक काडी नाही! शेवटी आमच्या बंबाच्या ड्रायव्हरने, गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याकडून मागून आणली. तोवर बाकीच्यांनी गोल खड्डा खणला, भोवतीचं गवत दहा पावलांपर्यंत उपटलं आणि नदीतून बारा बादल्या भरून ओळीने मांडल्या. त्या बादल्या बघूनच मला शंका यायला हवी होती.

पेटवायचा मान लांब्याला दिला. लांब्या म्हणजे आमच्यातला सगळ्यात उंच, शिडीच्या टोकावर नेहमी तोच असतो. त्याने काडी लावली, काटक्या तडतडल्या, ज्वाळा गुडघ्याएवढी झाली. मी "वा!" म्हणायला तोंड उघडलं. ते मिटायच्या आत लांब्याने बादली ओतली.

"अरे मेल्या, काय केलंस?"

"विझवली!" तो अभिमानाने म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. "मावशी, हात आपोआप गेला हो."

साहेबांनी बादल्या पुन्हा नदीशी नेऊन ठेवायला लावल्या. शेकोटी पुन्हा पेटली. ड्रायव्हरने अंगातलं जाकीट काढलं, मला वाटलं बिचाऱ्याला उकडतंय. त्याने ते आगीवर टाकलं आणि वर दोन्ही पायांनी नाचला. तेव्हा मात्र साहेब भडकले. तिसऱ्यांदा शेकोटी पेटवून घेतली आणि तिच्यापुढे उभं राहून संयम म्हणजे काय यावर भाषण सुरू केलं. भाषण चांगलं होतं. फक्त बोलता बोलता त्यांचा उजवा पाय एकसारखी वाळू आत लोटत होता.

"साहेब, पाय!" मी ओरडले.

साहेबांनी खाली बघितलं. शेकोटी पुरली गेली होती. जित्याची खोड, दुसरं काय!

दोन वाजले. मग लांब्याला युक्ती सुचली. आग दिसलीच नाही तर विझवणार कोण? सहाही जण आगीकडे पाठ करून गोल बसले. धुराच्या वासाने हात शिवशिवतात, म्हणून प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस नाकात कोंबला. आणि हात मागे करून, न बघता, स्वयंपाकाला लागले. दिसत होतं फक्त मला.

"डावीकडे. अजून डावीकडे. अरे, तो दगड आहे, बटाटा नव्हे! साहेब, कणीस उलटं करा. लांब्या, वाटी सरळ धर... गेलं!" अंडं ड्रायव्हरच्या बुटात गेलं. त्याने बूट हलवला नाही, एवढं मात्र कौतुक.

अर्धा तास माझी टकळी चालू होती. आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं, अगं बाई, हा स्वयंपाक करतंय कोण? हात त्यांचे असतील, बाकी सगळं माझंच चाललंय. कणसांचा कोळसा झाला होता, केळी आगीत पडली होती, चॉकलेट साहेबांच्या बाहीवर होतं. मी खुर्चीवरून उठले. मला राग आला की रडू येतं, आणि रडू येतं याचा आणखी राग येतो.

"राहू दे!" मी म्हटलं. "उद्यापासून मी परत ओट्याशी. एक दिवस मागितला होता तुमच्याकडे, एक! बावीस वर्षं ताटं गार झाली, मी कधी तुम्हाला चकार शब्द बोलले? कुणाचं तरी घर जळतंय म्हणून गप्प बसले. आज कुणाचं घर जळतंय, सांगा ना?"

साहेबांनी नाकातला कापूस काढला.

"वळा," ते म्हणाले. "सगळे आगीकडे वळा. एकमेकांचे हात धरा, आणि काही झालं तरी सोडायचे नाहीत. मावशी, तुम्ही बसा. आता एक शब्द बोलू नका."

उरलेले बटाटे निखाऱ्यांत सारले, वर लाकडं रचली आणि सहाजण शेकोटीभोवती हात धरून उभे राहिले. रांगेच्या दोन टोकांना दोनच हात मोकळे होते, साहेबांचा उजवा आणि लांब्याचा डावा. त्या दोन हातांनी मिळून एक स्वयंपाकी झाला. एक काठीने निखारा सरकवायचा, दुसरा बटाटा फिरवायचा. ज्वाळा कमरेएवढी झाली तसे सगळे डुलायला लागले. ड्रायव्हर घामाने निथळत होता. "सोडू नका रे मला," तो शेजारच्याला म्हणत होता, "सोडलंत तर मी गेलो!" मला त्यांची दया येत होती, पण भूक दयेहून मोठी होती. मी बसून राहिले.

तेवढ्यात भोंगा ऐकू आला.

पुलावरून कुणीतरी फोन केला होता. नदीकाठी आग लागलीय, सहा माणसं तिच्याभोवती हात धरून डोलतायत आणि एक बाई खुर्चीवर बसून रडतेय. पलीकडच्या स्टेशनचा बंब निघाला. आधी तो समोरच्या काठाला गेला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण आमच्याकडे बोलायची बंदी आहे, पण त्या दिवशी सगळ्यांच्या मनात तीच आली असणार. मग तो पुलावरून वळला आणि गवत तुडवत थेट आमच्यासमोर थांबला. पाचजण उतरले, नळी सोडली, आणि त्यांचा प्रमुख, एक मिशीवाला, ओरडला, "बाजूला व्हा! पाणी!"

साहेब नळीच्या तोंडासमोर जाऊन उभे राहिले. हात सोडायचे नव्हते, म्हणून बाकीची रांगही त्यांच्यामागे फरपटत आली.

"नळी खाली!" साहेब गरजले. "आत बटाटे आहेत!"

मिशीवाल्याने नळी खाली केली. त्याला काही कळलं नव्हतं, पण आवाज साहेबांचा होता. त्याच्या माणसांची नजर आगीवरून हलेना, बोटं वळवळायला लागली. लांब्याने ते ओळखलं आणि आपला मोकळा हात पुढे केला. एकेक करून ते चौघेही रांगेत आले.

माझ्या मांडीवर पत्र्याची ताटली आली. तिच्यात एक बटाटा. बाहेरून काळाठिक्कर, आतून अर्धा कच्चा, मिठाचा पत्ता नाही. दहा माणसं हातात हात घालून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तुकडा तोंडात टाकला आणि जीभ भाजली. इतकं गरम मी किती वर्षांत खाल्लं नव्हतं! डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

"कसा झालाय?" ड्रायव्हरने घाबरत विचारलं.

"अजून एक दे," मी म्हटलं.

मिशीवाला एव्हाना बंबातून एक छापील कागद घेऊन आला होता. तो भरल्याशिवाय त्याला परत जाता येत नव्हतं. "साहेब, आग कशी विझवली म्हणून लिहू?"

"विझवली नाही."

"कारण?"

"मावशी जेवतायत."

त्याने ते अक्षराला अक्षर जुळवून नीट लिहिलं. मग पेन्सिल खालच्या रकान्यावर ठेवून तो थांबला. "आटोक्यात यायला किती वेळ लागेल?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मी दुसरा बटाटा फोडला, त्यावर फुंकर घातली आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसले.

"लिहा," मी म्हटलं, "मला घाई नाही."