सांगलीत ठेवलेली अकराशे नावं

मित्रांनो, तुमच्या तळहातावर मावेल एवढी मी काळी, चौकोनी फ्लॉपी. आता जुनी झाले आहे. कारखान्यात माझ्यासारख्या हजारो जणी एकाच दिवशी तयार झाल्या. १९९५ साली दहा जणींच्या खोक्यातून मी कराडच्या एका दुकानात आले आणि तिथून क्षमाताईंच्या टेबलावर.

क्षमाताई रक्तदात्यांचं एक मंडळ चालवत. गावोगावी शिबिरं घेऊन त्यांनी अकराशे चाळीस जणांची नावं, रक्तगट आणि निरोपाचे फोन नंबर जमवले होते. वह्या फाटायला लागल्या तेव्हा कुणीतरी मंडळाला एक जुना संगणक दिला आणि ती यादी त्यात गेली, फाटक्या वह्या रद्दीत गेल्या.

"ताई, यंत्र बिघडलं तर?" त्यांचा धाकटा भाऊ मुकुल म्हणाला. त्याचा सांगलीत संगणकाचा वर्ग होता. "एक प्रत दुसऱ्या गावात ठेव. माझ्याकडे दे."

मग माझं काम ठरलं. दर महिन्याला यादी माझ्यावर उतरवायची आणि मला सांगलीला धाडायचं. तिथून मी पुढच्या महिन्यात परत यायची. तीच यादी घेऊन माझी एक जोडीदारीण कराडातच राहायची. मला नेणारे आणणारे होते एसटीचे कंडक्टर आकाराम. पहिल्यांदा मला हातात घेऊन ते म्हणाले, "आवं ताई, एवढ्याशा चकतीत आकराशे माणसं बसली व्हय?" मला फार अभिमान वाटला. ते मला खिशात ठेवत, तिकिटांच्या पेटीत कधीच नाही.

मुकुलच्या वर्गात मात्र मी खिडकीतच पडून असायची, पाकिटाशिवाय. क्षमाताई फोनवर विचारत, "उघडून बघतोस ना रे अधूनमधून?"

"ठेवलीय गं नीट," तो म्हणायचा. उघडून तो कधी बघत नव्हता. धूळ माझ्या आत शिरत होती.

१९९६ च्या फेब्रुवारीत एका मंगळवारी दुपारी कराडात विजेचा दाब एकदम वाढला आणि स्टॅबिलायझर असूनही मंडळाचा संगणक जळाला. क्षमाताईंनी जोडीदारीण दुसऱ्याच्या यंत्रात घालून पाहिली. ती कोरी निघाली. इतके महिने ती स्टॅबिलायझरवर ठेवलेली होती, त्यातल्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकत्वानं तिच्यावरचं सगळं पुसून टाकलं होतं.

तेवढ्यात दवाखान्यातून आप्पासो नावाचे एक गृहस्थ धावत आले. त्यांची सून शिवांजली बाळंत झाली होती, पण रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा गट बी निगेटिव्ह आणि रक्तपेढीत तो नव्हता. "ताई, कायबी करा," एवढंच ते म्हणाले.

क्षमाताईंनी सांगलीला फोन लावला. मुकुलनं मला यंत्रात सरकवलं. मी फिरू लागले, पण मध्येच अडखळले आणि घरघरत राहिले. पडद्यावर आलं, वाचता येत नाही. त्यानं मला बाहेर काढलं, झाकण सरकवून फुंकर मारली, पुन्हा घातलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी सगळा जोर लावला आणि यादी उघडली. काही ओळी नुसत्या चिन्हांच्या झाल्या होत्या.

"ताई, घे लिहून," तो म्हणाला आणि फोनवर बी निगेटिव्हची पाच नावं वाचली. चौथं कराडजवळच्या मसूर गावच्या उदयसिंहांचं होतं. ते फौजेतून निवृत्त झालेले हवालदार.

कराडातलं पुढचं, आधीच्यासारखंच, मी नंतर ऐकलं. निरोप पोचल्यावर उदयसिंह तासाभरात कराडात हजर झाले. पायाला चिखल तसाच होता. "उसाला पानी धरलं हुतं, तसंच सोडून आलोय," ते म्हणाले. "कंच्या खोलीत जायाचं ते सांगा." तोवर यादीतली आणखी एक बाई कराडातच सापडली होती. दोघांच्या रक्तावर शिवांजली वाचली.

आठवड्यानं आप्पासो मंडळात आले. "माझं बी नाव लिवा, ताई. गट ठावं न्हाई, पर रगात हाय."

सगळे माझं कौतुक करत होते. माझ्या खराब झालेल्या भागातली तेवीस नावं गेली होती, हे मात्र मुकुलनंच मोजून बहिणीला सांगितलं. "चूक माझी आहे, ताई." क्षमाताई रागावल्या नाहीत. शिबिरात नाव दिलेल्यांनी पुन्हा कळवावं, अशी पत्रं दोघांनी शिबिरं झालेल्या प्रत्येक गावी पाठवली. बावीस माणसं मिळाली.

आता मी मुकुलच्या कपाटात, पाकिटात असते. माझं काम नव्या फ्लॉप्या करतात आणि दर महिन्याला तो त्या उघडून बघतो.

मित्रांनो, जे जपायचं ते दोन गावांत ठेवा आणि ठेवलेलं अधूनमधून उघडून बघा. विसावं शतक संपत आलं, तरी तेविसावा माणूस अजून मिळालेला नाही. कुठल्यातरी गावात तो असेल, बोलावलं तर यायला तयार. पण त्याला बोलवायचं कसं, ते आता कुणालाच माहीत नाही.